सत्ता एका मुठीत मावू नये

१९३० साली बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत जन्मलेला एक माणूस डोळ्यांसमोर आणा. गावाचे सरकारी नाव तेव्हा मोमिनाबाद होते आणि अंमल होता हैदराबादच्या निजामाचा. हा माणूस अठरा वर्षांचा झाला तेव्हा, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, निजामाच्या फौजेने भारतीय सैन्यापुढे शरणागती पत्करली आणि कारभार लष्करी गव्हर्नर जे. एन. चौधरी यांच्याकडे गेला. १९५२ मध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली आणि हैदराबाद राज्यात लोकांनी निवडलेले मंत्रिमंडळ आले. मतदानाचे वय तेव्हा २१ होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीडसह मराठवाड्याचे पाचही जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. वयाच्या तिशीपर्यंत पाच राजवटी झाल्या, आणि त्याने गाव तर सोडाच, घरही बदलले नव्हते.

राज्यशास्त्राची सुरुवात करायला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे अवघड. काय बदलले आणि काय टिकले, हे या माणसाच्या आयुष्यात स्पष्ट दिसते. या प्रकरणात आपण राज्यसंस्था, सरकार, पक्ष आणि वृत्तपत्र या चार गोष्टींची ओळख करून घेणार आहोत. रोजच्या बोलण्यात या चारींची सरमिसळ होते. आमदाराला आपण ‘सरकार’ म्हणतो, पक्षाच्या कार्यकर्त्याकडे शासकीय काम घेऊन जातो, आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी बातमी म्हणून वाचतो. ही सरमिसळ महागात पडते. या चारही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या राहतात तेव्हाच सामान्य माणसाला दाद मागायला जागा उरते.

राज्यसंस्था आणि सरकार

राज्यसंस्थेचे चार घटक पाठ्यपुस्तकात सांगितलेले असतात: लोकसंख्या, भूप्रदेश, शासन आणि सार्वभौमत्व. पहिले तीन समजायला सोपे आहेत. चौथ्याचा अर्थ असा, की या भूमीवरचा शेवटचा शब्द कोणाचा?

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण बीडमध्ये शेवटचा शब्द कोणाचा हे ठरायला तेरा महिने लागले. निजामाला स्वतंत्र राहायचे होते. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्याने भारत सरकारशी ‘जैसे थे’ करार केला. लोक तेच होते, जमीन तीच होती, तहसील कचेरीत शासनही होते. फक्त सार्वभौमत्वाचा निकाल लागायचा होता. तो १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत लागला. १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन पाळतो. त्या दिवशी एक सरकार जाऊन दुसरे आले, इतकाच त्याचा अर्थ नाही. शेवटचा शब्द एका राजाकडून लोकांकडे येण्याची ती सुरुवात होती.

याच काळातून दुसरी एक व्याख्या शिकता येते. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९१९ च्या एका व्याख्यानात राज्यसंस्थेची ओळख अशी सांगितली: ठरावीक प्रदेशात बळाचा वैध वापर करण्याचा अधिकार फक्त आपल्याकडे आहे, असा दावा जी यशस्वीपणे करते ती राज्यसंस्था. लाठी पोलिसाने उगारली तर त्याला कायद्याचा आधार लागतो आणि त्याचा जाब विचारता येतो. तीच लाठी दुसऱ्या कोणी उगारली तर तो गुन्हा ठरतो. १९४७-४८ मध्ये मराठवाड्यात हीच रेषा पुसली गेली होती. कासिम रझवीच्या रझाकारांची खासगी सशस्त्र संघटना गावे लुटत होती, माणसे मारत होती, आणि निजामाचे शासन तिला आवरत नव्हते. कागदावर शासन होते, पण गावकऱ्याच्या दृष्टीने राज्यसंस्था मोडली होती. ज्या गावात खासगी टोळीची भीती पोलिसांच्या भरवशापेक्षा मोठी होते, तिथे राज्यसंस्था तेवढ्यापुरती मागे हटलेली असते. ही कसोटी आजही लावून पाहावी अशी आहे.

सरकार ही याहून लहान आणि तात्पुरती गोष्ट. राज्यसंस्थेचा कारभार ठरावीक मुदतीसाठी ज्यांच्या हाती सोपवलेला असतो, ते सरकार. मुख्यमंत्री बदलतात, मंत्रिमंडळे पडतात, पण सातबारा रद्द होत नाही आणि न्यायालयाचा निकाल मागच्या सरकारच्या काळातला म्हणून बाद होत नाही. सरकारवर टीका करणे म्हणजे राज्यसंस्थेशी वैर करणे नव्हे, हे म्हणूनच प्रत्येक नागरिकाला ठाऊक असावे.

सरपंचापासून संसदेपर्यंत

बीडचा रहिवासी एकाच वेळी किती सरकारांच्या कक्षेत राहतो, ते पाहू. गावात ग्रामपंचायत, तालुक्याला पंचायत समिती, जिल्ह्याला जिल्हा परिषद, मुंबईत राज्य सरकार आणि दिल्लीत केंद्र सरकार. बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाई, केज, परळी, धारूर, वडवणी, पाटोदा, आष्टी आणि शिरूर कासार या अकरा तालुक्यांतून विधानसभेचे सहा आमदार निवडून जातात. हेच सहा मतदारसंघ मिळून बीडचा एक खासदार निवडतात.

महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने, २४ एप्रिल १९९३ पासून, पंचायतींना घटनेचेच संरक्षण मिळाले. दर पाच वर्षांनी निवडणूक झालीच पाहिजे, हे त्या दुरुस्तीचे मर्म आहे. तरीही २०१७ साली निवडून आलेल्या बीड जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर वर्षानुवर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकल्याने राज्यभर हेच झाले. रस्ते, शाळा, दवाखाने चालू राहिले. पण जिल्हा परिषद गटातून निवडून आलेला, ज्याला बाजारात गाठून जाब विचारता येईल असा माणूस उरला नाही. प्रशासन चालणे आणि लोकशाही चालणे यांतला फरक त्या वर्षांनी दाखवून दिला.

सरकारच्या प्रत्येक पातळीवर दोन प्रकारची माणसे असतात. एक, निवडून आलेली: सरपंच, सदस्य, आमदार, मंत्री. दुसरी, नेमलेली: ग्रामसेवक, तलाठी, तहसीलदार, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक. निवडून आलेल्यांनी धोरण ठरवायचे आणि नेमलेल्यांनी ते नियमाने, कोणाचे तोंड न पाहता राबवायचे, अशी ही वाटणी आहे. आमदाराने रस्त्यासाठी निधी आणावा, पण निविदा कोणाला मिळावी हे ठरवू नये. मंत्र्याने पोलीस दल सक्षम करावे, पण कोणाचा गुन्हा नोंदवायचा हे सांगू नये.

या वाटणीत ‘पालकमंत्री’ हे पद कुठे बसते? राज्यघटनेत हे पद नाही. राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यासाठी एका मंत्र्याला ही जबाबदारी देते. घटनेच्या २४३ झेडडी कलमाने जिल्हा नियोजन समिती सांगितली आहे, आणि महाराष्ट्रात तिचे अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे असते. जिल्ह्याचा वार्षिक विकासनिधी या समितीत ठरतो, म्हणून पद मोठे. निधी, शिफारस आणि अधिकाऱ्यांवरचा दबदबा एकाच ठिकाणी जमण्याची शक्यताही इथेच सर्वात जास्त, म्हणून या समितीच्या बैठकीत काय ठरले याकडे लोकांनी सर्वात बारीक लक्ष ठेवायला हवे.

नेमलेल्यांच्या निःपक्षपणाचा एक ताजा प्रयोग बीडमधलाच आहे. २०२५ मध्ये पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी जिल्ह्यातील पोलिसांच्या गणवेशावरील नामपट्टीतून आडनाव काढून फक्त नाव ठेवायला सांगितले. आडनावावरून जात ओळखायची आणि जातीवरून न्यायाची आशा किंवा भीती बाळगायची, हे थांबावे हा हेतू. पट्टी बदलल्याने मन बदलतेच असे नाही. पण समोर उभ्या असलेल्या फिर्यादीला ‘हा आपला’ किंवा ‘हा त्यांचा’ असे वाटू नये, ही राज्यसंस्थेची जबाबदारी आहे, हे एका जिल्ह्याच्या पोलीस दलाने जाहीरपणे मान्य केले.

पक्ष कशासाठी असतो?

निजामाच्या राज्यात पक्ष काढणे सोपे नव्हते. १९२९ च्या सुमारास निघालेल्या ‘गश्ती निशान ५३’ या फर्मानाने सभेसाठी आधी परवानगी घ्यावी लागे. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली, ती १९४६ पर्यंत टिकली. मग लोकांनी काय केले? शाळा काढल्या, वाचनालये उघडली, १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरवले. पुढे मुक्तिसंग्रामाचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ १९३५ पासून अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत होते. पक्षाला बंदी असलेल्या संस्थानात राजकारणाचे पहिले धडे शाळेच्या ओसरीवर गिरवले गेले. समविचारी लोकांनी एकत्र येणे ही माणसांची गरज आहे. बंदी घातली तरी ती दुसरी वाट शोधते.

पक्षाची व्याख्या साधी आहे. काही विचार किंवा कार्यक्रम घेऊन, निवडणुकीच्या मार्गाने सत्ता मिळवू पाहणारी संघटना म्हणजे पक्ष. तिची तीन कामे: उमेदवार निवडणे, लोकांसमोर कार्यक्रम ठेवणे, आणि हरल्यावर विरोधात बसून सरकारला प्रश्न विचारणे.

बीडचा मतदार या बाबतीत फार मोकळ्या मनाचा राहिला आहे. १९५२ मध्ये हैदराबाद राज्यात कम्युनिस्ट पक्षावर बंदी असल्याने डाव्यांनी ‘पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट’ या नावाने निवडणूक लढवली, आणि बीडमधून त्यांचे रामचंद्र गोविंद परांजपे लोकसभेत गेले. १९५७ आणि १९६२ मध्ये काँग्रेस जिंकली. १९६७ मध्ये साताऱ्याच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील बीडमध्ये उभे राहिले आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे खासदार झाले. १९७१ मध्ये पुन्हा काँग्रेस आली. आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधर अप्पा बुरांडे निवडून आले. काँग्रेसच्या केशरकाकू क्षीरसागर तीनदा, १९८९ मध्ये जनता दलाचे बबनराव ढाकणे, १९९६ मध्ये भाजपच्या रजनी पाटील, पुढे जयसिंगराव गायकवाड आधी भाजपचे आणि २००४ मध्ये राष्ट्रवादीचे. २००९ पासून गोपीनाथ मुंडे आणि त्यांच्यानंतर प्रीतम मुंडे यांच्या रूपाने भाजप, आणि २०२४ मध्ये राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे बजरंग सोनवणे. ज्या मतदारसंघाला आपण आज एका-दोन घराण्यांच्या नावाने ओळखतो, त्याने डावे, मधले आणि उजवे असे सगळे पक्ष संसदेत पाठवून पाहिले आहेत.

या निकालांतून आपली मतमोजणीची पद्धतही कळते. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी. एका मताचा फरक असो की सहा लाखांचा, जागा एकच. गोपीनाथ मुंडे यांचे ३ जून २०१४ रोजी निधन झाले. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे ६,९६,३२१ मतांनी विजयी झाल्या, आणि तेव्हा हा देशातला विक्रम ठरला. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याच मतदारसंघात पंकजा मुंडे अवघ्या ६,५५३ मतांनी हरल्या. सहा लाखांचे मताधिक्य देणारे लोक दहा वर्षांत दुसरीकडे वळू शकतात. कोणताही मतदारसंघ कोणाच्याही मालकीचा नसतो, हे सांगायला यापेक्षा ठळक आकडे नकोत.

आता पक्षांच्या दुखण्याकडे येऊ. पक्ष म्हणजे नाव, चिन्ह आणि माणसे. ही तिन्ही एकमेकांपासून सुटू शकतात. १० जून १९९९ रोजी स्थापन झालेला राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष २ जुलै २०२३ रोजी फुटला. निवडणूक आयोगाने ६ फेब्रुवारी २०२४ रोजी पक्षाचे नाव आणि घड्याळ अजित पवार यांच्या गटाला दिले; शरद पवार यांच्या गटाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळाले. बजरंग सोनवणे २०१९ मध्ये घड्याळावर लढून हरले होते, २०२४ मध्ये तुतारीवर जिंकले. याच निवडणुकीत ‘तुतारी’ असेच नाव असलेले दुसरे चिन्ह एका अपक्षाला मिळाले होते आणि त्याला पन्नास हजारांहून अधिक मते पडली. ज्या निवडणुकीचा निकाल साडेसहा हजारांनी लागला, तिथे चिन्हांमधल्या साम्याचे वजन किती, याचा विचार वाचकाने स्वतः करावा.

पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने आला. स्थानिक संस्थांसाठी महाराष्ट्राने १९८६ मध्ये वेगळा कायदा केला. तरी २०१७ मध्ये बीड जिल्हा परिषदेत राष्ट्रवादीचे सदस्य भाजपपेक्षा जास्त असताना, राष्ट्रवादीतल्याच सुरेश धस यांच्या गटाच्या पाठिंब्यावर अध्यक्षपद भाजपकडे गेले, आणि त्या सदस्यांच्या अपात्रतेचा वाद न्यायालयापर्यंत पोहोचला. मतदाराने पक्ष पाहून मत दिले होते की माणूस पाहून? उत्तर जे असेल ते; निवडून आल्यावर ते मत परस्पर दुसरीकडे नेण्याचा अधिकार त्याने कोणाला दिलेला नव्हता.

दुसरे दुखणे घराण्यांचे. परळीत २०१४ मध्ये पंकजा मुंडे यांनी चुलतभाऊ धनंजय यांना हरवले. २०१९ मध्ये धनंजय यांनी पंकजा यांना. बीड शहरात २०१९ मध्ये संदीप क्षीरसागर यांनी काका जयदत्त यांना, तर २०२४ मध्ये चुलतभाऊ योगेश यांना हरवले. माजलगावात सोळंके, गेवराईत पंडित. नेत्याच्या मुलाने राजकारणात येऊ नये, असा नियम लोकशाहीत नाही आणि नसावा. पण सरकार आणि विरोधक हे दोन्ही एकाच घरातून येऊ लागले, की तिसऱ्याला उभे राहायला जागा उरत नाही. आपल्या कायद्यात पक्षाची नोंदणी आहे, चिन्हाचे नियम आहेत. उमेदवार पक्षाच्या सामान्य सभासदांनी निवडावा अशी सक्ती मात्र नाही. तिकीट वर ठरते, म्हणून कार्यकर्त्याचे तोंडही वरच असते.

पक्ष नसलेली ताकद

सत्ता न मागता सत्तेवर दबाव आणणाऱ्या संघटनेला राज्यशास्त्रात दबावगट म्हणतात. बीडमध्ये याचे सर्वात मोठे उदाहरण ऊसतोड कामगारांचे. दसरा-दिवाळी झाली की लाखो माणसे मुकादमाकडून उचल घेऊन, कोयता आणि संसार बांधून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांच्या संघटना आणि साखर संघ यांच्यात दर काही वर्षांनी मजुरीचा करार होतो. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली. कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळही झाले, आणि त्याला कारखान्यांकडून प्रतिटन १० रुपये मिळावेत असे ठरले.

यातली अडचणही पाहायला हवी. साखर कारखान्यांचे अध्यक्ष, कामगारांचे पुढारी आणि दोघांमध्ये न्याय करणारे सरकार ही सगळी माणसे राजकीय पक्षांतूनच येतात. मग मजुराच्या बाजूने एकट्या मजुरासाठी बोलणारा कोण? शिवाय २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला झाली, गाळप हंगाम सुरू होऊन पाच दिवस झाले होते. ज्याचा दबाव निवडणुकीत सर्वात जास्त पडायला हवा, तो मतदार त्याच दिवसांत फडाच्या वाटेवर असतो.

चळवळ आणि पक्ष यांतली रेषा कुठे असते, हे मराठा आरक्षण आंदोलनात दिसले. शिरूर कासार तालुक्यातील मातोरीत जन्मलेले मनोज जरांगे यांच्या आंदोलनाने सरकारला अनेकदा वाटाघाटीला आणले. २०२४ च्या विधानसभेला उमेदवार उभे करण्याची तयारी झाली, पण ४ नोव्हेंबरला त्यांनी माघार जाहीर केली. उमेदवार दिले असते तर चळवळीला पक्षाचे नियम लागू झाले असते: हरणे, जिंकणे, जागावाटप, तडजोड. याच आंदोलनाच्या काळात, ३० ऑक्टोबर २०२३ रोजी, माजलगावात आणि बीडमध्ये आमदारांची घरे जाळली गेली आणि संचारबंदी लावावी लागली. मागणी रास्त असो वा नसो, घर पेटले की संवादाची जागा बळ घेते, आणि बळाच्या खेळात दुबळा नेहमी हरतो.

वृत्तपत्र: चौथा, पण स्वतंत्र

निजामाच्या काळात आ. कृ. वाघमारे ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक काढत. सरकारने बंदी घातली की ते पुण्यातून नवे नाव घेऊन निघे. त्या नावावर बंदी आली की आणखी नवे. हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबउल्ला खान यांनी संस्थानाने भारतात सामील व्हावे असे लिहिले, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला. पुढे दैनिक झालेल्या ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव यांना स्वतंत्र भारतात, १९७५ च्या आणीबाणीत, तुरुंगात जावे लागले. सरकार परक्याचे असो की आपले, वृत्तपत्राकडे त्याने संशयानेच पाहिले आहे.

राज्यघटनेत वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्यासाठी वेगळे कलम नाही. १९ (१) (अ) कलमाने तुम्हाला-मला जे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, तेच संपादकालाही आहे. या स्वातंत्र्याचा एक महत्त्वाचा निकाल मराठी वृत्तपत्राने मिळवून दिला. वृत्तपत्राने किती किमतीत किती पाने द्यायची हे सरकारने ठरवायचे, असा कायदा १९५६ मध्ये झाला होता. पुण्याच्या ‘सकाळ’ने त्याला आव्हान दिले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. पाने कमी करायला लावणे किंवा किंमत वाढवायला लावून खप घटवणे, हाही विचार दाबण्याचाच मार्ग आहे, हे त्या निकालाने मान्य केले.

वृत्तपत्र नेमके काय करू शकते? बीडमधलेच उदाहरण घ्या. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याच्या बातम्या आल्या. पाळी आली, आजारपण आले की कामाचा खाडा आणि वर दंड, म्हणून पिशवीच काढून टाकायची. विधिमंडळात प्रश्न आला. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यानंतर खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. बातमीदाराने बातमी दिली, आमदाराने प्रश्न विचारला, समितीने मोजणी केली आणि प्रशासनाने नियम केला. चौघांनी आपापले काम केले म्हणून तेरा हजार बायकांचे दुःख सरकारी कागदावर आले. त्यांतला एक जरी गप्प बसला असता, तरी साखळी तुटली असती.

बीडमध्ये वृत्तपत्रांची उणीव नाही. ‘झुंजार नेता’, ‘चंपावतीपत्र’, ‘लोकाशा’, ‘पार्श्वभूमी’, ‘प्रजापत्र’, ‘बीड रिपोर्टर’ अशी कितीतरी स्थानिक दैनिके या शहरातून निघत आली आहेत. मोठ्या शहराच्या वृत्तपत्राला ज्या गावाचे नाव ठाऊक नसते, तिथली ग्रामसभेची बातमी इथे येते. पण छोट्या दैनिकाचा खर्च विक्रीतून निघत नाही. तो सरकारी जाहिरात आणि पुढाऱ्यांच्या शुभेच्छांच्या जाहिराती यांवर निघतो. ज्याच्यावर लिहायचे, त्याच्याच पैशावर छापायचे, ही कोंडी आहे. २००९ च्या महाराष्ट्रातील निवडणुकीत पैसे घेऊन बातम्या छापल्याची प्रकरणे उघड झाली, तेव्हा या कोंडीची खोली देशाला कळली. पत्रकारांवर हल्ले होतात म्हणून महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१७ मध्ये पत्रकार संरक्षणाचा कायदा संमत केला. पण बातमीदाराच्या पोटाचे संरक्षण वाचकच करू शकतो, वर्गणी भरून.

मस्साजोग

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांचा निर्घृण खून करण्यात आला. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या प्रकरणातून हा खून झाल्याचे तपास यंत्रणेने दोषारोपपत्रात म्हटले आहे. दोषी कोण, हे न्यायालय ठरवेल. तो अधिकार फक्त न्यायालयाचा आहे. आपण इथे पाहायचे ते या घटनेत सत्तेचे वेगवेगळे घटक कसे वागले एवढेच.

गावाने निवडून दिलेला माणूस, म्हणजे सरकारची सर्वात खालची आणि सर्वात जवळची पायरी, भरदिवसा उचलून नेला गेला. पहिल्या दिवसांत पोलिसांच्या कामावर गंभीर आक्षेप आले आणि पुढे पोलीस अधीक्षक बदलले गेले. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विरोधी आमदारांबरोबर एव्हाना सत्ताधारी भाजपमध्ये असलेले सुरेश धसही या प्रश्नावर उभे राहिले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विशेष तपास पथक आणि न्यायालयीन चौकशी जाहीर केली. लोक जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे काढत राहिले आणि वृत्तपत्रांनी विषय पानांवरून उतरू दिला नाही. एक आरोपी तेव्हाचे मंत्री धनंजय मुंडे यांचा निकटवर्तीय म्हणून ओळखला जात होता. मुंडे स्वतः या खटल्यात आरोपी नाहीत. पण खुनाची छायाचित्रे माध्यमांत आल्यावर, ४ मार्च २०२५ रोजी, त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

या घटनेने सुन्न झालेल्या अनेकांनी ‘बीडचे हे असेच’ म्हटले. मला ते मान्य नाही. मस्साजोगच्या लोकांना एका दारात दाद मिळाली नाही तेव्हा दुसरे दार उघडे होते. पोलीस थंड पडले तेव्हा विधिमंडळ होते, विधिमंडळावर दबाव ठेवायला रस्ता होता, रस्त्यावरचा आवाज पोहोचवायला वृत्तपत्र होते आणि शेवटी न्यायालय आहे. हे सगळे एकाच माणसाच्या किंवा एकाच घराण्याच्या मुठीत असते, तर एका सरपंचाचा खून गावाच्या वेशीबाहेर कळलाही नसता.

नागरिकाचे तीन प्रश्न

म्हणून सत्तेच्या कोणत्याही पदासमोर उभे राहताना तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: याला या जागेवर आणले कोणी? याला इथून हटवू कोण शकते? आणि याचा हिशेब कोण तपासते?

सरपंचाला मतदारांनी आणले, त्याचा हिशेब ग्रामसभा तपासते. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, तेव्हा जाऊन बसा. तलाठ्याला शासनाने नेमले. त्याच्या कामाला २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत आहे, तेव्हा पुढाऱ्याच्या चिठ्ठीऐवजी अर्जाची पोच मागा. जिल्हा नियोजन समितीने पैसा कुठे खर्च केला, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने विचारता येते. पक्षाचे तिकीट कोणी दिले हे कार्यकर्त्यांनी विचारायला हवे, आणि वृत्तपत्राला पैसा कुठून येतो हे वाचकांनी.

तिन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आली, तर समजा लोकशाही श्वास घेते आहे. आणणारा, हटवणारा आणि तपासणारा अशा तिन्ही ठिकाणी एकच नाव येऊ लागले, तर ते नाव कितीही लाडके असो, कितीही आपल्या जातीचे, आपल्या पक्षाचे, आपल्या तालुक्याचे असो, तिथे नागरिकाने सावध व्हावे आणि बोलावे. बीडच्या मतदाराने खासदार अनेकदा बदलले आहेत. तीच धमक त्याने दोन निवडणुकांमधल्या पाच वर्षांतही दाखवावी.